कोणतीही वस्तू

"यंत्राला कल्पना सुचत नाहीत, साहेब," असं मास्तर मालकांना म्हणाले आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या हालांना तिथून सुरुवात झाली. असली वाक्यं माणसाने घरी बायकोसमोर बोलावीत. ती ऐकत नसल्यामुळे नुकसान होत नाही.

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात ते नमुने कापायचे. गिऱ्हाईक आपली बाटली, बल्ब, साबणाची वडी, जे काही असेल ते घेऊन यायचं. मास्तर ती वस्तू हातात धरून जरा वेळ डोळे मिटायचे आणि मग सुरी घेऊन तिच्या मापाचं खोकं कापून, घड्या घालून समोर ठेवायचे. डोळे मिटायची काही गरज नव्हती, पण त्याने गिऱ्हाइकावर छाप पडते हे त्यांना फार पूर्वीच कळलं होतं. मास्तर ही पदवीही अशाच एका छाप पडलेल्या गिऱ्हाइकाने बहाल केलेली. आता कारखान्यात नमुने कापणारं यंत्र आलं होतं. मास्तरांना ज्याला अख्खी सकाळ लागायची ते काम यंत्र चहा निवायच्या आत करायचं, आणि तेही डोळे न मिटता. वर्षअखेरीला मास्तरांचं टेबल उचलून त्या जागी यंत्र बसणार हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं; पण सगळे अचानक प्रेमाने वागायला लागले तेव्हा ते काय समजायचं ते समजले.

मालक माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त पैजा लावायची खोड होती.

"सुचत नाहीत ना? मग तुम्ही सुचवा एक," ते म्हणाले. "पण नुसती सुचून भागणार नाही. जगात दुसऱ्या कुणालाही सुचली नव्हती असं सरकारने लिहून द्यायला पाहिजे. पेटंट आणा, मास्तर. मग निवृत्त होईपर्यंत तुमच्या टेबलाला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द."

मास्तरांचं वय असं होतं, की दुसरीकडे नोकरी मागायला गेलं तर लोक उठून आपली खुर्ची देतात, नोकरी देत नाहीत. ते "ठीक आहे" म्हणाले.

कल्पना मात्र त्यांच्याकडे खरंच होती. त्यांचा मेहुणा कवळ्या विकायचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्यांचे नमुने दाखवत हिंडायचा. पिशवीत त्या एकमेकींवर आपटायच्या आणि दवाखान्यात टेबलावर मांडताना एखादी घरंगळत जाऊन वाट बघत बसलेल्या पेशंटच्या पायाशी थांबायची. दातदुखीने आधीच अर्धमेला झालेला पेशंट त्यानंतर पुन्हा येत नसे. मास्तरांनी मेहुण्यासाठी असं खोकं बनवलं, की बंद असताना ती हातात धरायची बॅग. आणि मूठ वर ओढून झाकण मागे दुमडलं, की समोरची बाजू आपोआप खाली पडावी, आतून पायऱ्या उभ्या राहाव्यात आणि पायरीपायरीवर कवळ्या. सगळं एका अखंड पुठ्ठ्यातून, गोंदाचा थेंब न लावता. पहिल्यांदा त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर उघडलं तेव्हा दातांच्या ओळीच्या ओळी उठून बायकोकडे बघून हसल्या आणि तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

"अहो, काय हे अभद्र!" ती ओरडली.

मास्तरांनी ती दाद समजली.

समोरच्या दारातला विमावाला शेजारी सल्ल्यांच्या बाबतीत सढळ हाताचा होता. "अर्ज व्हायच्या आधी कुणाला दाखवू नका हं मास्तर," तो म्हणाला. "चार लोकांनी बघितलं की कायद्याने ते नवीन राहत नाही." झालं. वस्तू दाखवण्यासाठीच केलेलं खोकं, आणि ते कुणाला दाखवायचं नाही! मास्तर ते जुन्या चादरीत गुंडाळून, छातीशी धरून जिन्याने ये-जा करू लागले. चादरीतून काय जातं आणि काय येतं याबद्दल इमारतीत तर्क सुरू झाले. विमावाला रोज संध्याकाळी येऊन, "मला दाखवायला हरकत नाही, मी काय परका आहे?" म्हणायचा आणि न दाखवल्याबद्दल चहा पिऊन जायचा.

पेटंटचा एजंट मिळाला तोही विमावाल्याच्याच ओळखीचा. लाँड्रीच्या वरच्या खोलीत त्याचं ऑफिस होतं, त्यामुळे तिथे बसलेल्या माणसाला आपण हळूहळू शिजतोय असं वाटायचं. मास्तरांनी रात्रंदिवस खपून लिहिलेलं वर्णन त्याने वाचलं आणि लाल पेन उघडलं.

"कवळी कशाला लिहिलंय?"

"कवळ्यांसाठीच आहे ते."

"आणि उद्या कुणी त्यात चष्मे मांडले म्हणजे? बसाल बघत. 'कोणतीही वस्तू' लिहा. आणि हे माप कसलं?"

"कवळीचं."

"खोडा. 'योग्य त्या आकाराची पेटी.' आता हा पुठ्ठा..."

"पुठ्ठासुद्धा नको?" मास्तरांचा आवाज बारीक झाला.

"'पुठ्ठा अथवा अन्य कोणताही टिकाऊ पदार्थ.' अहो मास्तर, दावा म्हणजे कुंपण. जेवढं लांब घालाल तेवढी जमीन तुमची."

शेवटी जे तयार झालं ते मास्तरांनी बसमध्ये बसून वाचलं. कोणत्याही टिकाऊ पदार्थाची, योग्य त्या आकाराची, मुठी असलेली पेटी, जिचं झाकण उघडून पुढची बाजू खाली पाडली असता आतला आधार उंचावतो आणि आतील वस्तू वाहून नेता व दाखवता येते. आपलं खोकं यात कुठे आहे हे त्यांना सापडेना. पण ज्या कागदातलं आपल्याला काही कळत नाही तो कागद भक्कम असतो अशी आपल्या सगळ्यांचीच समजूत असते, तशी त्यांचीही होती.

अर्ज गेला. मग काहीच झालं नाही. सरकारी कामात काही न होणं हेसुद्धा टप्प्याटप्प्याने होतं: आधी पोच येत नाही, मग पोच येते आणि उत्तर येत नाही, मग उत्तर येतं आणि ते दुसऱ्याचं असतं. दरम्यान कारखान्यात एक माणूस टेप घेऊन आला आणि मास्तर टेबलापाशी काम करत असतानाच त्याने टेबलाखालच्या जागेची मापं घेतली. "पाय जरा उचलता का?" तो म्हणाला. मास्तरांनी उचलले.

परीक्षण अहवाल आला त्या दिवशी मास्तरांनी तो इमारतीच्या दारातच उभ्या उभ्या फोडला. कवळ्यांचं खोकं जगात कुणी केलेलं नाही, हे परीक्षकांना मान्य होतं. अंड्यांची, चपलांची, अत्तराच्या कुप्यांची, सगळी जुनी खोकी त्यांनी तपासून बाजूला ठेवली होती. हरकत एकच होती. फार वर्षांपूर्वी, कुठल्याशा दूरच्या देशात, एका सुताराने एका पेटीची नोंद केली होती. तिला मुठी होत्या, झाकण मागे दुमडायचं, पुढची फळी खाली पडायची आणि आतला आधार उचलला जायचा, म्हणजे आप्तेष्टांना चेहरा नीट दिसावा. ती शवपेटी होती. 'मृत देह हा दाव्यातील "कोणतीही वस्तू" या संज्ञेत मोडतो. सबब अर्जदाराची पेटी व सदर शवपेटी यांत तत्त्वतः भेद आढळत नाही.' खाली चित्र जोडलेलं होतं. पेटी ठसठशीत रेषांनी आणि आतला माणूस ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेला. ठिपके का, हे पुढे एजंटने समजावून सांगितलं: तो माणूस शोधाचा भाग नव्हता.

मास्तरांना कुणी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यातून विमावाला त्यांच्या खांद्यावरून वाचत होता.

"म्हणजे मास्तर," तो हळूच म्हणाला, "इतके दिवस चादरीत हे होतं?"

संध्याकाळपर्यंत मास्तर शवपेट्या करतात ही बातमी गच्चीपर्यंत पोहोचली. ज्यांच्या घरात कुणी आजारी होतं ते मास्तर जिन्यात दिसले की दार लावून घेऊ लागले. तळमजल्यावरच्या बाई मास्तरांना बघून खोकला दाबायच्या. विमावाल्याने तर भागीदारीच सुचवली: विमा उतरवणाऱ्याला मास्तरांच्या पेटीवर सवलत. मास्तरांची बायको रात्री छताकडे बघत म्हणाली, "एवढी वर्षं संसार केला तुमच्याशी. निदान चांगलं काहीतरी शोधायचं."

"कवळ्या, अगं! कवळ्यांचं आहे ते!"

"मग तसं लिहायचं होतं."

दावा आता कवळ्यांपुरता करावा म्हटलं तर त्याची मुदत एजंट गावाला गेला असताना उलटून गेली होती; उरली होती ती फक्त परीक्षकांसमोरची सुनावणी.

अशात वरच्या मजल्यावरच्या कोर्टआजोबांचा निरोप आला. आजोबा कोर्टात कारकून होते. निवृत्त होऊन एक जमाना लोटला तरी "उपरोक्त" आणि "सबब" यांच्याशिवाय बोलत नसत. एकटेच राहायचे. मास्तर गेले तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"ऐकलं ते खरं का? पुठ्ठ्याची पेटी, माणूस वाहायची?"

"नाही हो आजोबा, तो सगळा गैरसमज..."

"असं." आजोबांचा चेहरा पडला. चेहरा पडलेला बघून मास्तरच गोंधळले, कारण या बातमीने कुणाला आशा वाटेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आपला जिना बघितलाय ना?" आजोबा म्हणाले. "वळणावर आडवं काही फिरत नाही. कपाट आणलं तेव्हा दोर लावून खिडकीतून चढवलं. आमची ही गेली, तेव्हा स्ट्रेचर वळेना. मग तिला खुर्चीत बसवली. चादरीने बांधली आणि बसवून नेली खाली. मजल्या-मजल्यावर लोक दारात उभे. तिची मान हलत होती, मास्तर. प्रत्येक पायरीला हलत होती. जन्मभर डोक्यावरचा पदर न ढळलेली बाई ती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला आडवं जायचंय. दुसरी काही इच्छा नाही. लाकडी पेटी वळणार नाही हे मी माप घेऊन बघितलंय. पुठ्ठा वाकतो, म्हणून म्हटलं विचारावं."

मास्तरांनी आजोबांकडे बघितलं आणि डोळे मिटले. या वेळी छाप पाडायला नव्हते मिटले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की त्यांना घड्याच दिसायच्या.

आधी आपल्या टेबलावर एक छोटा नमुना करून मग कारखान्यातल्या सर्वांत जाड, सात पदरी पुठ्ठ्यातून त्यांनी पेटी कापली. घड्यांच्या रेघा त्याच, झाकण तेच, पायऱ्यांच्या जागी पाठीचा एक आधार. जिन्याच्या वळणावर मुठी ओढल्या की तो आधार उचलला जायचा, पेटी कमरेत जराशी दुमडायची, आणि वळण पार झालं की पुन्हा सरळ. सुटीच्या दिवशी चाचणी ठरली. आजोबा स्वच्छ कपडे घालून, हात पोटावर ठेवून आत झोपले. एका टोकाला मास्तर आणि त्यांची बायको, दुसऱ्या टोकाला विमावाला आणि त्याची बायको. कुरकुर न करता पेटी उचलली गेली.

"डावीकडे घ्या," आजोबा आतून म्हणाले. "उपरोक्त कोपरा सांभाळा."

वळण आलं. मास्तरांनी मूठ ओढली, आजोबांची पाठ हळूच उचलली गेली आणि पेटी भिंतीला न घासता फिरली. नेमका तेव्हाच एक कुरिअरवाला पार्सल घेऊन वर येत होता. त्याने पेटी बघितली, अदबीने भिंतीला चिकटला आणि मान खाली घातली.

"कुणाचं आहे? आमचं असेल तर सही करतो, आणा इकडे," असं म्हणत पेटीतून हात बाहेर आला. तो माणूस पार्सल टाकून जो खाली पळाला तो ते घ्यायलाही परत आला नाही.

आजोबा खूश होते. मास्तर तर हवेत होते. पुठ्ठ्याने भार घेतला होता, एक रेघ उसवली नव्हती. परीक्षकांचं म्हणणं अक्षरशः खरं असल्याचं आपण आपल्याच हातांनी सिद्ध केलंय, हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. कलावंत माणसाचं हे असं असतं.

सुनावणीच्या दिवशी एजंटने बजावलं, "तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी आहे." परीक्षकबाई मध्यम वयाच्या, सर्दीने बेजार. टेबलावर कवळ्यांचं खोकं होतं. त्यांनी ते उघडून बघितलं, दात वर आले तेव्हा किंचित हसल्या, आणि मग बोटाने खोक्याचं बूड दाबलं.

"हे पुठ्ठ्याचं आहे," त्या म्हणाल्या. "मोठं केलं तरी यात माणूस ठेवता येणार नाही. बूड फाटेल. बरोबर?"

"अगदी बरोबर, मॅडम," एजंट म्हणाला.

"म्हणजे शवपेटीचं काम हे करूच शकत नाही. हे असं निवेदन अर्जदाराकडून नोंदवून घेते आणि हरकत काढून टाकते." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "शेवटी हे नुसतं खोकंच आहे."

"नुसतं खोकंच, मॅडम," एजंट म्हणाला आणि हसला.

इथे मास्तरांनी गप्प बसायचं होतं. टेबल, पगार, निवृत्तीपर्यंतची सगळी वर्षं त्या पेनाच्या टोकावर होती आणि पेन कागदाला टेकतच होतं. पण नुसतं खोकं हे शब्द मास्तर जन्मभर ऐकत आले होते. लोक वस्तू काढून घेतात, खोकं फाडतात आणि लाथेने बाजूला सारतात. ते कुणी कापलं हे कुणी विचारत नाही. त्यांना राहवलं नाही.

"का फाटेल?" मास्तर म्हणाले.

एजंटने टेबलाखालून लाथ मारली.

"फाटत नाही, बाई. सात पदरी घ्यायचा, पदर आडवे-उभे लावायचे. आम्ही माणूस नेलाय." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. आजोबा सांगितले, जिना सांगितला, खुर्ची सांगितली. कवळ्यांचं खोकं बंद करून त्यावर कायद्याचा जाडजूड ग्रंथ ठेवला, त्यावर बाईंच्या फायली ठेवल्या, आणि तरी बूड तसूभर दबलं नाही हे वाकून दाखवलं. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एजंटने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "वळणावर काय करता?" त्यांनी विचारलं.

"पाठ उचलायची. हलक्या हाताने. माणूस सरकत नाही."

"माझ्या वडिलांना आम्ही खुर्चीतूनच उतरवलं होतं," त्या म्हणाल्या, आणि रुमालाने नाक पुसलं. ते सर्दीमुळेही असेल. "काम फार चांगलं केलंय तुम्ही. पण आता मला नाकारावंच लागेल. तुम्हीच सांगितलंत की दोन्ही पेट्या एकच काम करतात."

"हो," मास्तर म्हणाले.

मालकांनी आदेशाची प्रत वाचली आणि मान हलवली. पैज ती पैज. मास्तर निघाले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "अहो, ते माणसाचं खोकं... पेटंट नाही म्हणजे आता ते कुणीही करू शकतं ना? त्याचा नमुना इथेच आहे ना तुमच्या टेबलावर?" मास्तरांनी मागे वळून बघितलं तर नमुना टेबलावरून केव्हाच उचलला गेला होता आणि तिकडे यंत्र सुरू झालं होतं. चहा निवायच्या आत ते संपलंसुद्धा.

मास्तर घरी आले पण आपल्या दारापाशी थांबले नाहीत. बायकोला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून थेट वर गेले. कोर्टआजोबांनी आदेश हातात घेतला आणि उजेडाकडे धरून सवयीने पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाकारण्याचा भाग त्यांनी सराईतपणे पार केला. मग अडखळले. "'सदर पेटीतून प्रौढ मनुष्य आडव्या स्थितीत, अरुंद जिन्याच्या वळणावरूनही, सुखरूप नेता येतो, हे अर्जदाराने प्रात्यक्षिकासह दाखवून दिले आहे.'" त्यांनी कागद खाली घेतला. "सुखरूप? हा शब्द साहेबांनी घातलाय?"

"बाई होत्या. त्यांनीच."

"शिक्क्याखाली आहे," आजोबा स्वतःशीच म्हणाले. "मग आता काळजी नाही." आणि मग मास्तरांकडे बघून, "तुमचं टेबल?"

"गेलं," मास्तर म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडले. पलंगाच्या कडेवर बसून, तोंड न झाकता, लहान मुलासारखे रडले. मागून बायको वर आली होती. तिने दारातूनच सगळं ऐकलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

आजोबांनी त्यांना थांबवलं नाही. आदेशाची घडी करून उशीखाली ठेवली आणि मग म्हणाले, "आज रडून घ्या, मास्तर, काय रडायचं ते. माझ्या वेळेला मात्र डोळे कोरडे हवेत. वळणावर पाठ कधी उचलायची ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही."

"बरं," मास्तर म्हणाले आणि बायकोने पुढे केलेल्या पदराने डोळे पुसले.